हात हरवलेली बाई

पितृपक्षात रत्नागिरीला फिरायला गेलो होतो असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग आमच्या ह्यांच्याकडे, की बाबा, हिचं बरं आहे ना? अहो, पितृपक्षात शहाणी माणसं नवी चप्पलसुद्धा घेत नाहीत. पण जुन्या मासिकांचं वेड असलेल्या माणसाला कोकणात जायला याहून चांगला मुहूर्त नाही. गणपतीच्या आधी तिकडे घरं झाडून काढतात. मुंबईचे चाकरमानी यायचे असतात, म्हणून माळे उतरवतात, आणि वर्षानुवर्षं वर निजलेला कागद खाली येतो. गणपती गेले, पाहुणे गेले, की तो सगळा कागद रद्दीवाल्याच्या दारात. म्हणून माझी सुगी पितृपक्षात असते.

कोल्हापुरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे सातबारे आणि मार्कशिटा छापायच्या, आणि उरलेल्या वेळात माझी मासिकं. सगळी नाही हं. मला लागतात ती मंदीच्या वर्षांतली, म्हणजे एकोणीसशे तीसच्या पुढची. त्या वर्षांत कुणाच्या हातात पैसा नव्हता, पण मासिकं निघत होती. कागद असा पातळ की मागचं पान पुढे वाचता यावं. पोरांच्या मासिकांत चित्रपट्ट्या असायच्या, त्यातला नायक पैसे वाचवायला प्रत्येक चौकटीत पाठमोरा! तोंड काढायला वेळ लागतो ना. असली काटकसर बघितली की मला फार माया वाटते त्या लोकांची. कसं का होईना, अंक काढला बिचाऱ्यांनी.

त्याच काटकसरीतून मला ती बाई भेटली. झालं असं, की त्या काळी रंगीत चित्राचा ब्लॉक, म्हणजे छापायचा जस्ताचा ठसा, करणं महाग. मग एका प्रकाशकाने एकदा केलेला ब्लॉक पुन्हा पुन्हा वापरला. माझ्याकडच्या एका दिवाळी अंकावर एक बाई आहे, हिरव्या साडीतली, मान किंचित खाली. दोन वर्षांनी तीच बाई निळ्या साडीत. मग तीच एका संक्रांत विशेषांकावर, पिवळ्यात. मग एका बिस्किटाच्या जाहिरातीत, आणि शेवटी केसांच्या तेलाच्या जाहिरातीत, काळीपांढरी. हसू तेच, नथ तीच. मी तिला हळूहळू जमवत गेले. आमचे हे तिला माझी सवत म्हणतात.

पण ह्या सगळ्या चित्रांत ती छातीपर्यंतच आहे. खालचं कापलेलं. आमच्या गल्लीत एक म्हातारे ब्लॉकमेकर होते, त्यांनी मरण्याआधी मला सांगितलं होतं, "पहिल्या छपाईत ही बाई पूर्ण होती बघ. हातात काहीतरी काम होतं तिच्या. हात काय काढले होते, वा! पुढं जस्ताचा पत्रा वाचवायला मालकानं ब्लॉक कापला." झालं, त्या दिवसापासून माझी झोप उडाली. तोंडं माझ्याकडे पाच, आणि हात एकही नाही. ती हातात काय धरून खाली बघत होती, हे मला कळायलाच हवं होतं. वेड म्हणा, काही म्हणा.

तर त्या बाईचा एक अल्बम करून तो बॅगेत घालून मी निघाले. अल्बमला हात लावायचा तर आधी हात धुवायचे, मग पुसायचे, मग लावायचा, हा आमच्या घरचा नियम आहे. ह्यांना तर मी लांबूनच दाखवते.

आंबा घाट

एस.टी. घाटात शिरली आणि धुक्याने खिडक्या पुसून टाकल्या. पाऊस परतीला लागला होता, पण जाता जाता दार वाजवत होता. रस्त्याच्या कडेला सगळं हिरवं, मध्येच एखादा धबधबा डोळ्यांसमोरून सरकन जायचा. हे मात्र डोळे मिटून बसले होते. ह्यांना घाट लागतो.

"लिंबू देऊ का?" मी विचारलं.

"लिंबू नको. बांगडा मिळणार आहे का, तेवढं सांग," डोळे न उघडता हे म्हणाले.

ह्यांच्या सोबतीचं कारण एवढंच होतं. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात गेलेल्या, त्यामुळे ताजी मासळी. मी कागदावर, हे मासळीवर. बावीस वर्षांचा संसार असाच चाललाय आमचा, एकाच गाडीत बसून दोन गावांना जाणं.

साखरप्याला गाडी थांबली तेव्हा ह्यांनी गरम भजी खाल्ली आणि छत्री त्या टपरीवरच विसरले. रत्नागिरीच्या स्टँडवर उतरल्यावर पाऊस आला तेव्हा कळलं. मी काही बोलले नाही. म्हणजे, लॉजवर पोचेपर्यंतच बोलले.

रत्नागिरी

आमच्याकडे पाहुणा दिसला की "जेवलासा का?" विचारतात. रत्नागिरीत आधी विचारतात, "कधी आलात?" आणि उत्तर द्यायच्या आत, "जाणार कधी?" पहिल्यांदा मला राग आला होता. मग कळलं की त्यांना हिशेब करायचा असतो, मध्ये किती जेवणं तुम्हाला घालता येतील. लॉजच्या मालकीणबाईंनी तसाच हिशेब केला आणि संध्याकाळी ह्यांच्यासमोर बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी ठेवली. त्यानंतर ह्यांनी रत्नागिरीबद्दल तक्रार म्हणून केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी रद्दीच्या दुकानात. बाजाराच्या मागच्या बोळात एक लांबट, अंधारं दुकान होतं. मालक शांतारामभाऊ, बनियनवर, तराजूशेजारी स्टुलावर बसलेले. मी एकेक गठ्ठा उचलून नाकाला लावायला लागले तसे ते चमकले.

"वास कसला घेताय वो?"

"धुराचा."

कोकणातल्या दमट हवेत कागदाला बुरशी येते, कसर लागते. पण जो गठ्ठा चुलीवरच्या माळ्यावर राहिला, त्याला धूर बसतो आणि तो टिकतो. पिवळा होतो, पण टिकतो. म्हणून मी आधी हुंगते आणि मग बघते. शांतारामभाऊंना हे फार आवडलं. "आमी मासली अशी घेतो बगा," म्हणाले, आणि चहा मागवला.

सकाळभर मी बसले. पोरांच्या एका मासिकाचे चार अंक मिळाले, चित्रपट्ट्यांसकट. एका अंकात कुणीतरी सगळ्या चेहऱ्यांना पेन्सिलीने मिश्या काढल्या होत्या, बायकांनासुद्धा. माझी बाई मात्र कुठेच नव्हती. शेवटी मी हात धुतले, शांतारामभाऊंना धुवायला लावले, आणि अल्बम उघडला.

ते बराच वेळ बघत राहिले. मग पान उलटलं, परत मागे आले.

"ही बाई मी बगितलीय."

मी कप खाली ठेवला. "कुठे?"

"फ्रेममदी. मालगुंडच्या पुडं, जयगडच्या वाटेला एक वाडी हाय, तिकडं मी भंगार आणायला गेलेलो. देवांच्या शेजारी लावलेली हाय."

"हात आहेत तिला?"

"आता बाई म्हटल्यावर हात असनारच की!"

मी त्यांना वाडीचं नाव विचारून घेतलं. निघताना ते म्हणाले, "पन ताई, ते इकायचे नायत हां." मी म्हटलं, बघू. रद्दीच्या धंद्यात 'इकायचे नायत' म्हणजे बोलणं सुरू झालं, असा माझा अनुभव. लक्ष्मी म्हणून पूजत असतील, एक छानशी नवी तसबीर घेऊन देऊ आणि ही घेऊ, असा बेत मी त्या बोळातून बाहेर पडता पडताच केला.

मालगुंडच्या पुढे

सकाळच्या गाडीने गेलो. गाडी समुद्राच्या कडेकडेने जाते, एका वळणावर अख्खा समुद्र डाव्या हाताला येतो आणि कंडक्टरसुद्धा तिकडे बघतो. मालगुंडच्या पुढे उतरलो. रस्त्यापासून वाडीकडे चिऱ्यांची पाखाडी उतरत गेली होती, म्हणजे तांबड्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, पावसाने शेवाळलेली. ह्यांनी पहिल्याच पायरीवर बसकण मारली. लागलं नाही, पण पँटीचा मागचा भाग हिरवा झाला.

घर चिऱ्यांचं, कौलारू, पुढे पडवी. दारात पस्तिशीची एक बाई कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी उभी होती. माझं कुंकू, माझ्या बांगड्या, माझं गळ्यातलं, सगळं तिने एका नजरेत टिपलं आणि ओळख ना देख, मला विचारलं, "वैनी, तुमचा घोव हयात हाय ना?"

मागे हे हिरवी पँट झाडत उभे होते. मी म्हटलं, "आहे, हा काय. आता पडला, पण हयात आहे."

तिने वर बघून हात जोडले. "मामंजी, सवाष्न आली वो! आयशीनंच धाडली!"

मग उलगडा झाला. ती ह्या घरची सून, सुगंधा. त्या दिवशी अविधवा नवमी. नवरा हयात असताना गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात, हे आमच्याकडेही आहे. शेजारची एक बाई यायची ठरलेली, पण सकाळीच तिला सुतक पडलं. वाडीतल्या बाकीच्या सवाष्णी कुठे ना कुठे बोलावलेल्या. स्वयंपाक तयार, आणि जेवायला सवाष्ण नाही. आत सासरे अनंतकाका, सत्तरीचे, सकाळपासून पाणीसुद्धा न घेता बसलेले. आईच्या नावाने सवाष्ण जेवल्याशिवाय ते जेवत नाहीत. तेवढ्यात आम्ही पाखाडी उतरलो.

मी आलेय कशाला, हे विचारायची कुणाला फुरसतच नव्हती. मला पाय धुवायला पाणी दिलं आणि हाताला धरून माजघरात नेलं.

भिंतीवर ती होती.

मी तिथेच थबकले. पूर्ण बाई! तांबडा रंग उडून गेला होता, सगळं निळसर राखी झालं होतं, काचेच्या कडेला धूर बसला होता, पण पूर्ण. आणि हात! डाव्या हातात एक एवढंसं झबलं, उजव्या हातात सुई, आणि दोरा ओढून घेताना करंगळी जराशी बाहेर आलेली. ती खाली बघत होती ती त्या झबल्याकडे. इतकी वर्षं मी तिच्या झुकलेल्या मानेचा अर्थ लावत बसले होते, आणि ती आपली बाळाचं झबलं शिवत होती. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. खोटं कशाला सांगू, त्याच क्षणी ती मला हवी झाली. भिंतीवरून काढून बॅगेत घालून पळत सुटावं इतकी.

"ह्या कोण?" मी विचारलं. मला वाटलं, सुगंधा म्हणेल लक्ष्मी.

"आमच्या मामंजींची आयस," ती म्हणाली.

सुगंधाने इकडे तिकडे बघितलं आणि मला चुलीपाशी ओढलं. "तुमच्या तोंडावर दिसतंय, तुमाला कळलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "पुस्तकावरचं चित्र हाय, मला पन ठावं हाय. मामंजींचा बापूस पडावावर होता. बोटीचे उतारू पडावातनं न्यायचा-आनायचा. आयस गेली तेवा मामंजी पालन्यात. फोटो कसला, खाडी ओलांडून कदी गेलीच नाय ती. मग पडावात कुनी टाकलेलं पुस्तक बापसाला गावलं. बगून म्हनाला, हीच. अशीच बसायची. मामंजींना सांगितलंन, हा तुज्या आयशीचा फोटो." तिने वड्याचं पीठ थापत थापत माझ्याकडे बघितलं. "एकदा माज्या भावानं चेष्टेत म्हटलं, हे तर छापलेलं हाय. मामंजी दोन दिस जेवले नाय. तुमी काय बोलू नका वो."

"छे, मी कशाला बोलू?" मी म्हटलं. म्हणजे तो नव्या तसबिरीचा बेत मी तिथेच चुलीत घातला. आणि मला आठवलं, अल्बम पडवीत आहे. बॅगेत. बॅग ह्यांच्याकडे.

मी वळणार तोच अनंतकाका आले. उंच, वाळलेले, समुद्रावर भाजलेला रंग, धुतलेलं धोतर. त्यांनी मला पाटावर बसवलं, तसबिरीच्या खाली. वय माझं पन्नास, त्यांचं सत्तर. त्यांनी वाकून माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाले, "आये, बस गो. पोटभर जेव."

आमच्याकडे सवाष्णीला हळदकुंकू लावतात, ओटी भरतात, पण 'आये' म्हणून समोर कुणी बसत नाही. ते समोर जमिनीवर बसले आणि मी घास घेते का ते बघत राहिले. पानात वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, अळूचं फदफदं, तांदळाची खीर. वडे असे खुसखुशीत की दुसऱ्या कुठल्या दिवशी मी पाठोपाठ खाल्ले असते. त्या दिवशी एकही घास धड गिळवेना. डोक्यावर ती बाई, समोर तिचा मुलगा, आणि पाटावर मी, तिची केसांच्या तेलाची जाहिरात बॅगेत घालून आलेली.

"आयशीला आळू आवडायचं," अनंतकाका म्हणाले. "बापूस सांगायचा. तुमाला आवडलं काय?"

"फार," मी म्हटलं. ते खरंच होतं. त्यांचा चेहरा फुलला, आणि "तुमच्या मालकांना पानी तरी इचारतो," म्हणत ते पडवीत गेले.

माझ्या पाटासमोरच पडवीचं दार. आणि त्या दारातून मला दिसलं, की आमचे हे वेळ जावा म्हणून बॅग उघडताहेत. अल्बम काढताहेत. अहो, इतक्या वर्षांत ह्या माणसाने कधी आपणहून त्या अल्बमला हात लावला नव्हता! आजच कसली बुद्धी झाली? अनंतकाका शेजारी जाऊन बसले, आणि हे मोठ्या कौतुकाने म्हणाले, "या, या. आमच्या हिचं वेड बघा."

मी उठायला गेले. सुगंधाने माझा खांदा दाबला. "वैनी! पान अर्धं टाकून उठू नये हो! आयस उपाशी जाईल."

उठता येईना. ओरडता येईना. ह्यांना डोळ्यांनी खुणावलं, तर ह्यांनी मला हात हलवून 'सावकाश जेव' अशी खूण केली. मी वडा तोंडात कोंबला. लवकर संपवावं म्हणून कोंबतेय, तर सुगंधाला वाटलं आवडलाय, तिने आणखी दोन वाढले. पडवीत पान उलटल्याचा आवाज आला. मग बाहेर कुणाच्या तरी नारळाच्या झावळीवरून पाणी ठिबकत होतं, तेवढं ऐकू येत होतं.

अनंतकाका दारात आले. दोन्ही हातांत माझा उघडा अल्बम. ह्यांनी त्यांना नीट दिसावं म्हणून पानांवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा काढला होता, शहाण्यांनी. काका माझ्याकडे न बघता सरळ भिंतीशी गेले, तसबीर काढली आणि माझ्या पाटाशेजारी जमिनीवर ठेवली. बाजूला अल्बम. मग उकिडवे बसले. हिरव्या साडीतली बघितली. निळी बघितली. बिस्किटवाली, तेलवाली. प्रत्येकीवरून नजर तसबिरीकडे आणि परत.

सुगंधा उलथनं घेऊन तशीच उभी. मी तोंडातला घास तोंडातच धरून बसलेले. देवा, मला वाटलं, ह्या माणसाची आई आपण आज दुसऱ्यांदा मारली. आणि तीही तिच्याच पानावर बसून.

बऱ्याच वेळाने त्यांनी एक बोट निळ्या साडीतल्या बाईच्या छातीपाशी ठेवलं, जिथे चित्र कापलेलं होतं.

"हिला हात नाय," ते म्हणाले.

मग हिरवीवर. "हिला पन नाय." मग पिवळीवर, मग बाकीच्यांवर. प्रत्येक वेळी बोट तिथेच, आणि प्रत्येक वेळी आवाज थोडा मोकळा होत गेला. शेवटी ते बोट तसबिरीच्या काचेवर आलं, त्या सुईवर, त्या एवढ्याशा झबल्यावर.

"हिला हाय. झबला माजा हाय हा."

मी कसाबसा घास गिळला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले, पण चेहरा असा, की लहान मुलाला जत्रेत कुणीतरी ओळखीचं भेटावं.

"ताई, आयशीला बहिनी होत्या चार-पाच. सगळ्या खाडीपल्याड दिलेल्या. बापूस म्हनायचा, एका तोंडवळ्याच्या होत्या, बगून चूक व्हायची. मी एक पन बगितली नाय." त्यांनी अल्बम उचलून मांडीवर घेतला. "तुमच्याकडं माज्या मावश्या हाईत गो!"

त्यांना खरंच तसं वाटलं, की समोर ठेवलेल्या दोन वाटांतली जगता येईल अशी त्यांनी निवडली, हे मला आजही सांगता येणार नाही. मी विचारलंही नाही. मी पाटावरच बसून ढसाढसा रडले, आणि मग पान स्वच्छ केलं, एक शीत ठेवलं नाही. सुगंधा पदराने डोळे पुसत हसत होती. हे दारात येऊन म्हणाले, "काय झालं? तिखट लागलं का?" बावीस वर्षं! ह्या माणसाच्या नजरेसमोर ती फ्रेम भिंतीवर लटकत होती, आणि नंतर विचारलं तर म्हणाले, "मी वड्यांच्या वासाकडे बघत होतो."

मग अनंतकाका जेवले. हेही जेवले, मासळी नसूनही जेवले. काकांचं सगळं लक्ष मावश्यांकडे. तेलवाली सगळ्यांत धाकटी, असं त्यांनी ठरवलं. "केस बगा कसे सोडलेत, कुनी बोलनारं नाय!" बिस्किटवालीजवळ एकही बिस्किट दिसत नाही म्हणून तिला चिकट म्हणाले. निळ्या साडीवालीकडे ते जास्त वेळ बघत बसले. "ही कुटं कुटं फिरली असेल?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, हा अंक मला बेळगावात मिळाला, तो सोलापुरात, ही तेलवाली नागपूरहून आलीय टपालाने. "नागपूर!" त्यांनी तसबिरीकडे बघून सांगितलं, "आये, बगितलंस? तू खाडी ओलांडली नायस, आनि ही नागपूरला."

हिरव्या साडीचा अंक मी त्यांना देऊ केला. त्यांच्या तसबिरीतला रंग उडाला होता, तो हिच्यात शाबूत होता. ते म्हणाले, "नको. भिंतीवर आई एकच असावी. ह्या तुमच्याकडंच बऱ्या, एकमेकींच्या सोबतीला." एक फोटो काढू का विचारलं, तर त्यांनी स्वतः धोतराच्या सोग्याने काच पुसून तसबीर माझ्यासमोर धरली. मी कॅमेरा काढला, रोलमधली दोन चित्रं शिल्लक होती, दोन्ही तिच्यावर खर्च केली.

निघायची वेळ झाली. सुगंधाने माझी ओटी भरली, खण, नारळ, हिरव्या बांगड्या. कपाळाला हळदकुंकू लावलं. आणि मग करंडा घेऊन ती खाली बसली आणि अल्बम पुढे ओढला.

"अगं!" माझ्या तोंडून निघालंच. प्लास्टिक काढलेलं, आतला कागद उघडा, सत्तर वर्षांचा. आणि तिची बोटं कुंकवाने ओली.

"सवाष्नी घरातनं तशाच जातात होय?" ती म्हणाली.

तिने एकेकीला लावलं. आधी हळद, मग कुंकू, नीट, नथीला न लागता. हिरवीला, निळीला, पिवळीला, बिस्किटवालीला. केसांच्या तेलाची बाई काळीपांढरी छापलेली, तिच्या कपाळावर कुंकू कधीच नव्हतं. तिला पहिल्यांदाच लागलं. अनंतकाका हात जोडून उभे होते. मी अल्बम तिच्यापुढे सपाट धरून ठेवला.

कोल्हापूर

परत येताना साखरप्याच्या टपरीवर छत्री मिळाली. टपरीवाल्याने आमची म्हणून वेगळी टांगून ठेवली होती. हे म्हणाले, "बघितलंस, मला माहीत होतं." घाटात पुन्हा डोळे मिटून बसले.

रोल धुऊन आला तेव्हा कळलं, फ्लॅशचा उजेड काचेवर बरोबर तिच्या तोंडावर पडलाय. दोन्ही फोटोंत चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा गोळा. खाली हात मात्र लख्ख आलेत. सुई, दोरा, झबलं, ती करंगळी. मी आधी कपाळावर हात मारला आणि मग तो फोटो अल्बमच्या शेवटच्या पानावर लावला. तोंडं तर माझ्याकडे आहेतच.

परवा पुण्याचे एक संग्राहक आले होते. मोठा माणूस, पांढरे सुती मोजे घालूनच कागदाला हात लावणारा. अल्बम बघत बघत ते तेलवालीपाशी आले आणि हळहळले. "अरेरे, ताई, सगळ्यांवर डाग पडलेत हो! पण ताजे दिसताहेत. माझ्याकडे एक द्रावण आहे, कापसाने अलगद टिपलं तर निघतील."

त्यांनी खिशात हात घातला तसा मी अल्बम ओढून घेतला.

"राहू देत," मी म्हटलं. "बाया माहेरी जाऊन आल्यात."